टीचरच हात धुवत नाहीत. पोस्टर लावलं, ट्रेनिंग केलं, दंडही लावला, आता काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. घणसोलीत रो-हाऊसच्या तळमजल्यावर तुमचं प्लेग्रुप ते सिनियर केजी आहे, सकाळची तीन तासांची शाळा, साठेक मुलं, चार टीचर आणि दोन मावशी. जुलैमध्ये हँड फूट माऊथची, म्हणजे तोंडात आणि हातापायांवर फोड येणाऱ्या लहान मुलांच्या विषाणूच्या आजाराची साथ आली, एकामागून एक मुलं घरी बसली, पालकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायला सुरुवात केली. तेव्हा तुमच्या लक्षात आलं की टीचर मुलांना रांगेत उभं करून हात धुवायला लावतात पण स्वतः धुवत नाहीत. मग तुम्ही बेसिनवर पोस्टर लावलं, बाहेरून माणूस बोलावून ट्रेनिंग केलं, सहीचं रजिस्टर ठेवलं, नाही धुतले तर दहा रुपये दंड. आठवडाभर बरं चाललं आणि परत जैसे थे. आता काय करायचं, आणि सगळ्यांना ग्लोव्ह्ज देऊन टाकले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स. ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं काढली, आता ठाणे-नवी मुंबईतल्या बालवाड्या, प्लेग्रुप आणि पाळणाघरांमध्ये टीचरना आणि मावशींना हेच शिकवायला जाते. तर अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते, तुमच्या टीचरना माहिती कमी नाहीये. त्यांना विचारा, सगळ्या स्टेप्स पाठ म्हणून दाखवतील, तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, सगळं. ज्या क्षणाला हात धुवायला हवेत त्या क्षणाला अंगावर पंधरा मुलं असतात, नळ दूर असतो, साबण संपलेला असतो आणि वर्ग सांभाळायला दुसरं कुणी नसतं. अडतं ते इथे. म्हणून आणखी एक ट्रेनिंग घेऊन फरक पडणार नाही, दिवसाची मांडणी बदलली तर पडेल.

आणि कृपा करून हा टीचरच्या आळसाचा किंवा संस्काराचा विषय करू नका. हॉस्पिटलमध्ये, जिथे सगळे शिकलेले, जिथे समोर पेशंट आहे, तिथेसुद्धा डॉक्टर-नर्सकडून हात धुवून घेणं हे जगभर अवघड काम आहे, डब्ल्यूएचओला त्यासाठी २००९ मध्ये जाडजूड मार्गदर्शिका काढावी लागली. त्याच्याही आधी, १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू काही महिन्यांत शेकडा अठराच्या आसपास होते ते दोनच्या आसपास आले. एवढा ढळढळीत पुरावा असूनही बरेच डॉक्टर ऐकायला तयार झाले नाहीत, आणि पुढे त्याने विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी वगैरे म्हटलं तेव्हा तर ते आणखीनच दूर गेले. दोष दिला की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, हात नंतर. तुमच्या दंडाचं तेच झालंय. दहा रुपये वाचवायला टीचर सही करतात, हात धुवत नाहीत, आणि तुमच्या हातात खोटं रजिस्टर राहतं. ते आजच बंद करा, आणि जमा झालेले पैसे परत करून टाका, त्याने वातावरण एकदम मोकळं होतं.

आता पहिलं काम. एक दिवस ऑफिसमधून उठा आणि सकाळपासून एका टीचरच्या मागे मागे फिरा, चूक काढायला नाही, तिला सांगूनच, की तुझे हात दिवसभर कुठे कुठे जातात हे आपण दोघी मिळून बघूया. मी जिथे जाते तिथे हेच करते आणि जवळपास सगळीकडे सारखंच चित्र दिसतं. टीचर ट्रान्स-हार्बर लोकलची दांडी धरून आलेली असते, रिक्षावाल्याला सुट्टे दिलेले असतात, आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या एक रडणारं पोर आईच्या कडेवरून तिच्या कडेवर येतं. त्याचं नाक ती पुसते, बहुतेक वेळा त्याच्या शर्टला पिनने लावलेल्या रुमालाने, आणि तो रुमाल नसला तर स्वतःच्या ओढणीने. मग दुसऱ्याचे बूट काढते. मग प्रार्थना, मग क्रेयॉन, क्ले, मध्येच कुणीतरी म्हणतं टीचर शू, मावशी दुसऱ्या मुलाला घेऊन गेलेल्या असतात म्हणून टीचर स्वतः नेते, चड्डी काढते, धुते, परत घालते, तेवढ्यात वर्गातून आरडाओरडा ऐकू येतो म्हणून तशीच धावत येते. अशा वेळी तिला बेसिनपाशी एक मिनिट थांब म्हणणं म्हणजे चौदा मुलं एकटी सोड म्हणणं, आणि कुठलीही चांगली टीचर ते करणार नाही. ती मुलांची काळजी करते म्हणूनच हात धुवत नाही, हे तुम्ही तिला बोलून दाखवलंत ना, तर पुढची सगळी चर्चा वेगळ्याच सुरात होते.

मग येतो डबा. माझ्या मते संपूर्ण शाळेत आजार पसरण्याची सगळ्यात मोठी वेळ डब्याची असते आणि सगळ्यात कमी लक्ष तिथेच असतं. मुलांनी हात धुतलेले असतात, छान रांग, छान गाणं, सगळं झालेलं असतं. पण तीन वर्षांच्या मुलाला डब्याचं झाकण उघडत नाही. टीचर एकेक करून पंधरा डबे उघडते, पोळीचे तुकडे करून देते, केळं सोलते, कुणाचा पराठा घट्ट आहे तो तोडते, एखाद्याला भरवते, मध्ये एकाचं नाक पुसते आणि परत पुढच्या पोळीला हात घालते. म्हणजे पंधरा मुलांचे स्वच्छ हात आणि पंधरा पोळ्या, आणि त्या सगळ्यांमध्ये फिरणारे दोनच न धुतलेले हात. मुलांच्या हातावर आपण जी मेहनत घेतली ती तिथे वाया जाते. एकाच्या नाकातलं, दुसऱ्याच्या ढुंगणावरचं, तिसऱ्याच्या पोळीवर पोचवायचं काम नकळत टीचरचे हात करतात.

हे टीचरना शब्दांत सांगू नका, दाखवा. एका सकाळी एका टीचरच्या तळहाताला, तिच्या संमतीने, थोडं खोबरेल लावून बारीक चमकी चोळा, हस्तकलेच्या कपाटात असतेच, आणि तासाभरात ती कुठे कुठे गेली ते सगळ्यांनी मिळून बघा. ही मीटिंग सुट्टीच्या दिवशी करा, मुलं नसताना, चमकी मुलांच्या डोळ्यात किंवा तोंडात जायला नको. आधीच रिकामे डबे, पाण्याच्या बाटल्या, बाहुल्या, नॅपकिन मांडून ठेवा आणि रोजचं काम करायला सांगा. दाराच्या कडीवर, डब्याच्या आतल्या कडेला, बाहुलीच्या गालावर चमकी दिसली की मला एक शब्द बोलावा लागत नाही. मग त्याच हातांना नुसतं पाणी लावून बघायला सांगते, तेलातली चमकी जागची हलत नाही, आणि मग साबणाने वीस सेकंद चोळून बघायला सांगते. वीस सेकंद का, हा प्रश्न तिथेच सुटतो.

आता कधी धुवायचे. पोस्टरवर दहा-बारा वेळा लिहिलेल्या असतात आणि म्हणून एकही पाळली जात नाही. मी बालवाडीसाठी चारच धरते. शाळेत आल्या आल्या, कुठल्याही मुलाला हात लावायच्या आधी. डब्याच्या आधी. शी-शूनंतर, मुलाची असो वा स्वतःची. आणि नाक पुसल्यावर, उलटी साफ केल्यावर. यातल्या पहिल्या दोन वेळा घड्याळाच्या आहेत, त्या तुम्ही टाइमटेबलमध्ये घालू शकता. उरलेल्या दोन कधीही येतात, त्यासाठी वर्ग कोण बघणार हे आधी ठरलेलं पाहिजे.

टाइमटेबलमध्ये म्हणजे खरोखर टाइमटेबलमध्ये. समजा सव्वादहाला डबा आहे तर दहा-दहाला हात. दोन वर्गांची जोडी लावा. एक टीचर आपला वर्ग पाच मिनिटं गोष्टीला बसवते, दुसरी आपल्या मुलांबरोबर हात धुते, मग अदलाबदल. आणि टीचरने मुलांबरोबरच, त्यांच्यासमोर धुवायचे, नंतर स्टाफरूममध्ये जाऊन नाही. मग मुलं हात दाखवतात, पुढून मागून, आणि टीचर पण आपले हात मुलांना दाखवते. चार वर्षांच्या मुलांना हे भारी आवडतं, आणि टीचर एखाद दिवशी विसरली तर कुणीतरी म्हणतंच, टीचर तुमचे राहिले. ही आठवण कुठल्याच टीचरला टोचत नाही, तुम्ही केलेली टोचते.

शी-शूच्या वेळेसाठी मावशींची ड्युटी बदलावी लागेल. बऱ्याच ठिकाणी दोन्ही मावशी एकाच वेळी एकीकडे असतात, दोघी झाडलोट करतात नाहीतर दोघी डब्याच्या सतरंज्या घालतात. एक मावशी सकाळभर फक्त टॉयलेटकडे ठेवा, दुसरी वर्गांच्या मधल्या पॅसेजमध्ये, जिला टीचरने हात वर केला की एक मिनिट वर्गात येऊन उभं राहायचं एवढंच कळलेलं आहे. टॉयलेटच्या मावशीने त्या दिवशी डब्यांना हात लावायचा नाही. दोघींनी आठवड्याला आलटून पालटून करायचं, कायम एकीलाच टॉयलेट दिलं तर ते अन्यायाचं होतं.

मावशींवरून सांगते, आणि हे मी जरा आवर्जून सांगतेय. साबण कुणाला मिळतो ते बघा. मी गेले त्या कितीतरी शाळांमध्ये वासाचा लिक्विड हँडवॉश स्टाफरूममध्ये टीचरसाठी आणि ऑफिसच्या बेसिनवर पालकांना दिसेल असा असतो, आणि टॉयलेटपाशी मावशींसाठी कपड्याच्या साबणाचा झिजलेला तुकडा, तोही ओल्या फरशीवर. सगळ्यात घाण काम ज्या हातांनी होतं त्यांना सगळ्यात वाईट साबण. त्या बाई पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करून तुमच्याकडे आलेल्या असू शकतात, त्यांचे हात आधीच फाटलेले असतात. तुम्ही सगळ्यांसाठी एकच चांगला हँडवॉश ठेवा, ट्रेनिंगला टीचरच्या शेजारी त्यांना खुर्ची द्या, खाली सतरंजीवर नको, आणि साबणाचा खर्च संस्थेचा. टीचरना घरून आणायला सांगणाऱ्या शाळा आहेत, तिथे हात धुतले जात नाहीत यात नवल काय.

साबण महागडा हवा असं अजिबात नाही. अँटिबॅक्टेरियल लिहिलेलाच घ्या असा पालकांचा आग्रह असतो, पण साध्या साबणापेक्षा तो घरगुती वापरात जास्त उपयोगी आहे हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०१६ मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशकासकट असले एकोणीस घटक हँडवॉशमधून काढायला लावले. साधा साबण पुरतो, साधं गार पाणी पुरतं. ज्या बालवाडीत तेवढंही परवडत नाही तिथे बांगलादेशात वापरतात ती युक्ती मी सांगते, दीड लिटर पाण्यात साधारण तीस ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून पाण्याच्या जुन्या बाटलीत भरायची, बाटलीवर ठळक नाव लिहायचं आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. हातांना थोडी रखरखीत वाटते पण साबण नसण्यापेक्षा शंभर पटीने बरी. आणि लिक्विड वापरत असाल तर अर्ध्या बाटलीत वरून रिफिल ओतत राहू नका, आणि पाणी घालून वाढवू तर मुळीच नका, त्यात जंतू वाढतात. बाटली संपू द्या, धुवा, पूर्ण वाळवा, मग भरा. दोन बाटल्या ठेवल्या की हे जमतं.

पाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीये पण मी विचारणारच होते. नवी मुंबईला मोरबे धरण आहे म्हणून तुमच्याकडे बरं चालतं, पण ठाण्यात घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये टँकरवर चालणाऱ्या शाळा आहेत, दिवा-कळवा-मुंब्र्यात उन्हाळ्यात काय होतं ते तिथल्या बायकांना विचारा, आणि शटडाऊन तर सगळीकडेच असतो. नळ कोरडा असला की आठवडाभरात लागलेली सवय एका दिवसात मोडते. म्हणून तोटी बसवलेलं एक पिंप किंवा वीस लिटरचा जार स्टँडवर, खाली बादली, हे बारा महिने तयार पाहिजे. हिशोब सोपा आहे, चोळताना तोटी बंद ठेवली तर एका वेळेला अर्धा लिटर भरपूर होतं. चार टीचर, दोन मावशी, दिवसाला पाच वेळा धरले तरी पंधरा लिटर. मोठ्यांची सोय एका जारमध्ये होते, मुलांसाठी वेगळं भरून ठेवा. पाण्याचा मग आणि बादली मात्र नको, तो मग उचलायला घाण हात बादलीत जातात आणि एका हाताने तो मग धरून दुसरा हात कधीच नीट चोळला जात नाही.

बेसिनच्या उंचीकडे कुणाचंच लक्ष जात नाही. प्लेस्कूलमध्ये सगळी बेसिन मुलांच्या उंचीची, गुडघ्याच्या जरा वर. दिसायला गोड, पण टीचरला दिवसातून पाच वेळा कमरेतून वाकायचंय, साडी किंवा ओढणी सावरत, चाळिशीच्या बाईची कंबर काय म्हणते विचार करा. मोठ्यांच्या उंचीचं एक तरी बेसिन वर्गांपासून दहा-बारा पावलांत पाहिजे. प्लंबिंग होत नसेल तर तो तोटीचा जार उंच स्टँडवर ठेवा, काम झालं.

टॉयलेटच्या दारापासून बेसिनपर्यंत जमिनीवर पावलं रंगवा, ऑइलपेंटने, आणि बेसिनपाशी दोन पंजे. तुम्हाला वाटेल हे मुलांसाठी, पण मोठ्यांचेही पाय आपोआप तिकडे वळतात. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये एवढंच करून बघितलं होतं, भाषण नाही, धडा नाही, फक्त रंगवलेली वाट, पावलं आणि पंजे. टॉयलेटनंतर साबणाने हात धुणारी मुलं आधी शंभरात चार होती, दुसऱ्याच दिवशी अडुसष्ट झाली आणि सहा आठवड्यांनीही चौऱ्याहत्तर होती. ते आकडे मुलांचे आहेत हे खरं, पण मला जे दिसतं ते असं की पोस्टर दोन आठवड्यांत भिंतीचा भाग होऊन जातं, पायाखालची वाट मात्र दिसत राहते.

पोस्टर ठेवायचंच असेल तर त्यावरचं वाक्य बदला. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये दोन प्रकारच्या पाट्या लावून बघितल्या होत्या, एकीवर हात धुतल्याने तुम्ही आजारी पडणार नाही, दुसरीवर हात धुतल्याने पेशंट आजारी पडणार नाहीत. पहिलीने काहीच फरक पडला नाही, दुसरीने साबण आणि जेल जास्त वापरलं गेलं. आपल्याकडच्या टीचरचंही तसंच आहे, स्वतःसाठी बाई काही करत नाही, पोरांसाठी सगळं करते. तुमच्या बेसिनवर एवढंच लिहा, आता डबे उघडायचेत, पंधरा जण वाट बघतायत. हवं तर मुलांनी काढलेल्या चित्राखाली.

हात पुसायचं काय करता हेही बघा. बेसिनच्या बाजूच्या खिळ्याला एकच टॉवेल, सोमवारी लावलेला शनिवारी निघतो, पावसाळ्यात तर तो वाळतच नाही. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात, आणि त्या टॉवेलला पुसले तर धुतलेलं सगळं परत येतं. मग टीचर काय करते, पदराला किंवा ओढणीला पुसते, ज्याने मघाशी नाक पुसलं होतं. प्रत्येकीला नावाचे दोन-तीन सुती नॅपकिन द्या, रोज घरी नेऊन धुवून आणायचे, नाहीतर मावशींनी तिथेच धुवून गच्चीत वाळत टाकायचे. नाकासाठी वेगळे, वर्गात टिश्यूचा डबा आणि झाकणाची पायाने उघडणारी कचरापेटी. आमच्याकडे सर्वात चांगला परिणाम नॅपकिनचाच दिसलाय, स्वस्त आहे आणि आपलं नाव असलेली वस्तू बाई जपून वापरते.

त्वचेचं विसरू नका. शाळेत पाच वेळा, घरी भांडी, कपडे, स्वयंपाक, टीचरचे हात कोरडे पडतात, भेगा पडतात, आणि मग साबण झोंबतो म्हणून ती टाळते, कुणाला सांगत नाही. फाटलेल्या त्वचेवर जंतूही जास्त टिकतात. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, घासून न पुसता टिपून घ्या, आणि बेसिनपाशी साध्या व्हॅसलीनची किंवा खोबरेलाची बाटली ठेवा, निघताना लावायला. मीटिंगमध्ये सगळ्यांना हात पुढे करायला सांगा आणि बघा कुणाचे फाटलेत. कुणाला खाज, लाली, पाणी येत असेल तर स्किनच्या डॉक्टरकडे पाठवा, तिचा दोष धरू नका.

बांगड्यांवरून वाद घालू नका. हिरवा चुडा, मंगळागौरीच्या बांगड्या, कुणी काढणार नाही आणि काढायला सांगूही नये, वर कोपराकडे सरकवून मनगट धुवा एवढंच सांगा. अंगठी फिरवून खालचं धुवायचं. नखांबद्दल मात्र मी कडक आहे. मुलांची शी धुणाऱ्या आणि पोळी तोडणाऱ्या हातांना लांब नखं चालत नाहीत, जंताची अंडी नखांखालीच बसतात, तीन वर्षांच्या मुलांना रात्री ढुंगणाला खाज येते ते बारीक पांढरे जंत, त्यांची अंडी आठवडा-दोन आठवडे चादरीवर, खेळण्यांवर जिवंत राहतात.

आता सॅनिटायझर. कोविडनंतर प्रत्येक टेबलावर बाटली आली आणि टीचरना वाटायला लागलं की हात धुवायची गरज संपली. तुमच्याकडे जो आला त्या हँड फूट माऊथचे विषाणू, २०२२ मध्ये ज्याला सगळे टोमॅटो फ्लू म्हणत होते तेही याच प्रकारातलं, यांच्यावर अल्कोहोलचा परिणाम तसा कमीच होतो. उलटी-जुलाबाच्या नोरोव्हायरसचंही तेच, जंताच्या अंड्यांवर तर काहीच नाही. शिवाय हाताला काही चिकट, दिसणारं लागलेलं असेल तर सॅनिटायझर आतपर्यंत पोचत नाही. म्हणून टॉयलेटनंतर आणि डब्याआधी साबण-पाणीच, त्याला पर्याय नाही. वर्गात नाक पुसल्यावर उठता येत नसेल तेव्हा साठ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर, हात वाळेपर्यंत चोळून, आणि नंतर संधी मिळाली की साबण. बाटली टीचरच्या ॲप्रनच्या खिशात किंवा उंच कपाटावर, टेबलावर नको, लहान मुलं ते पितात, डोळ्यात उडवून घेतात.

हँड फूट माऊथबद्दल आणखी एक, हे पालकांनाही सांगा. मूल बरं झालं, ताप गेला, फोड वाळले, शाळेत आलं, तरी त्याच्या शीमधून विषाणू पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतो. तेवढे आठवडे त्याला घरी ठेवणं शक्यही नाही आणि गरजही नाही, पण म्हणजे साथ संपली असं वाटतं तेव्हाही टॉयलेटनंतरचे हात ढिले पडून चालत नाही. तुमच्याकडे ऑगस्टमध्ये परत केसेस दिसल्या असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हे असू शकतं.

या सगळ्याचा खरंच उपयोग होतो का, असं तुमचे ट्रस्टी विचारतील, साबणाचं बिल वाढलं की विचारतातच. तेव्हा सांगा, पाळणाघरं आणि शाळांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने घेतलाय, हात धुण्यावर नीट काम केलं तर जुलाब साधारण तीस टक्क्यांनी कमी होतात. कराचीच्या वस्त्यांमध्ये साबण देऊन आणि आठवड्याला घरी जाऊन सवय लावली तर पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब आणि न्यूमोनिया दोन्ही निम्म्याच्या आसपास आले, ते २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. नुसता साबण वाटला म्हणून नाही, माणसं दर आठवड्याला जात राहिली म्हणून.

मोजायचं कसं, रजिस्टर बंद केलं तर? बाटलीवरून. तुम्ही उभ्या राहून बघितलंत तर सगळ्या धुणार, तुम्ही गेलात की नाही, माणसाचा स्वभावच आहे. मोठ्यांच्या बेसिनवर वेगळी बाटली ठेवा आणि सोमवारी मार्करने रेघ मारा. एक पंप किती देतो ते मापाच्या झाकणात मोजून घ्या, समजा दीड एमएल. सहा जणी, पाच वेळा, म्हणजे दिवसाला तीस पंप, पंचेचाळीस एमएल, दोनशेची बाटली चार-पाच दिवसांत संपली पाहिजे. महिनाभर पुरली तर कुणी धुवत नाहीये, कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. शुक्रवारी सगळ्यांसमोर रेघ बघायची आणि एकच प्रश्न विचारायचा, या आठवड्यात कुठे अडलं? कुणी म्हणेल तोटी गळते, कुणी म्हणेल गुरुवारी मावशी रजेवर होत्या. ते अडलेलं पुढच्या सोमवारच्या आत तुम्ही दुरुस्त करायचं. दोन-तीन वेळा तुम्ही खरंच दुरुस्त केलंत की टीचर स्वतःहून सांगायला लागतात, तोपर्यंत गप्प बसतात.

आणि तुम्ही स्वतः. सकाळी गेटवर मुलांना घ्यायला उभ्या राहता ना, त्याआधी सगळ्यांना दिसेल अशा बेसिनवर हात धुवा. वर्गात गेलात, एखाद्याचा गालगुच्चा घेतलात, आधी हात. मुख्य बाई धुते तर बाकीच्या धुतात, ट्रस्टी आले तर त्यांनाही बेसिन दाखवा. हे आपल्या भागाला नवीन नाही, बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा मुलांची स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता, सोयी आजच्यापेक्षा कितीतरी कमी असताना.

ढिलाई कधी येते ते माहीत असलेलं बरं. साधारण तिसऱ्या आठवड्यात नवलाई संपते तेव्हा, नवीन टीचर जॉइन होते तेव्हा, आणि डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तयारीत, टाइमटेबल कोलमडलेलं असतं आणि डबा स्टेजच्या मागे खाल्ला जातो. नवीन टीचरला पहिल्या दिवशी डब्याची वेळ आणि नॅपकिन आधी द्या, बाकीच्या फाइली नंतर. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला तोटीचा जार हॉलमध्ये न्या. १५ ऑक्टोबरचा जागतिक हात धुण्याचा दिवस जरूर साजरा करा, मुलांना मजा येते, पण त्या दिवशीच्या फोटोंवरून काही ठरवू नका.

राहिला ग्लोव्ह्जचा प्रश्न. सगळ्यांना ग्लोव्ह्ज देऊ नका. ग्लोव्ह घातला की टीचरला वाटतं हात स्वच्छ आहेत आणि तोच ग्लोव्ह घालून ती पाच मुलांना हात लावते, डबा उघडते, फोन घेते. त्यापेक्षा उघडे हात बरे, निदान चिकट लागलं की धुवावेसे तरी वाटतात. जुलाब झालेल्या मुलाची शी, उलटी किंवा रक्त साफ करताना डिस्पोजेबल ग्लोव्ह घालायचा, एका मुलाला एक जोडी, काम झालं की आतली बाजू बाहेर करत काढून झाकणाच्या पेटीत, आणि काढल्यानंतरही साबणाने हात धुवायचे कारण काढताना लागतंच आणि बारीक छिद्रं दिसत नाहीत. एक बॉक्स टॉयलेटच्या मावशींपाशी आणि एक प्रथमोपचाराच्या पेटीत, तुमच्याएवढ्या शाळेला तेवढं पुरतं. उरलेल्या पैशात तोटीचं पिंप आणि नॅपकिन घ्या.